नकारावर सही कुणाची?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी वेगळा कायदा हवा की नको, यावरची पत्रं आपल्या अंकात वाचतो आहे. माझी ३३ वर्षं बँकेत गेली, त्यातली बरीचशी कर्ज विभागात. त्यामुळे माझा प्रश्न लहान आहे. यंत्रानं कर्ज नाकारलं, तर कारण कुणी सांगायचं?

गेल्या महिन्यात शेजारची मुलगी फोन घेऊन आली. घरीच शिवणकाम करते. पिको-फॉलच्या मशीनसाठी तिनं एका बँकेच्या ॲपवर ६० हजारांचा अर्ज भरला होता. मिनिटभरात उत्तर आलं, 'अंतर्गत धोरणानुसार अर्ज मंजूर करता येत नाही.' सिबिल, म्हणजे आधीच्या कर्जफेडीवरून ठरणारा पतीचा गुणांक, ७६१; एकही हप्ता थकलेला नाही. शाखेत गेली तर तिथला मुलगा म्हणाला, "मॅडम, सिस्टीमनंच रिजेक्ट केलंय. कारण आम्हालाही दिसत नाही." ती मला विचारते, "काका, मग दिसतं कुणाला?"

आमच्याकडे नामंजूर अर्जांचं रजिस्टर असे. अनुसूचित जाती-जमातीच्या अर्जदाराला तर शाखेनं परस्पर नाही म्हणायचंच नाही, असा नियम. नकार वरच्या पातळीवर, तोही कारण लिहून. अशाच एका अर्जावर 'परतफेडीची ऐपत नाही' असा शेरा मारून मी तो वर पाठवला. साहेबांनी परत धाडला. समासात लाल शाईनं एकच शब्द: 'कशावरून?' मुकाट्यानं त्या माणसाच्या घरी गेलो. दारात दोन म्हशी, घरात डेअरीचं पुस्तक, दर दहा दिवसांचं दुधाचं बिल. मी ते मागितलंच नव्हतं. कर्ज दिलं, त्यानं वेळेत फेडलं.

असे किती अर्ज कुणी परत न धाडल्यामुळे तसेच मेले असतील, देव जाणे. आणि आजची यंत्रं शिकतात ती जुन्या कर्जांच्या नोंदींवरूनच. ज्या वस्तीत आम्ही कधी कर्ज दिलंच नाही, तिथली माणसं फेडतात की बुडवतात, हे त्या नोंदींत कुठून सापडणार?

गंमत म्हणजे नियम आपल्याकडे जुनाच आहे. नकाराचं मुख्य कारण अर्जदाराला लेखी कळवा, असं रिझर्व्ह बँकेनं २००३ साली दोन लाखांपर्यंतच्या कर्जांसाठी सांगितलं आणि २००७ मध्ये ते क्रेडिट कार्डासह सगळ्या कर्जांना लागू केलं. 'अंतर्गत धोरण' हे कारण झालं का? वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३चा कायदा चुकीची माहिती दुरुस्त करून घेण्याचा हक्क देतो, पण यंत्राच्या निर्णयाचा जाब विचारण्याचा देत नाही. युरोपीय संघानं कृत्रिम बुद्धिमत्तेच्या २०२४च्या कायद्यात माणसाची पत ठरवणारी यंत्रणा जास्त जोखमीची मानली आणि स्पष्टीकरण मागण्याचा हक्क दिला. त्याआधी डिसेंबर २०२३ मध्ये, जर्मनीतल्या शूफा या पतमापन संस्थेच्या प्रकरणात, युरोपीय संघाच्या न्यायालयानं सांगितलं होतं, की बँक मुख्यतः अशा संस्थेच्या गुणांकावरच विसंबत असेल तर तो गुणांक हाच यंत्राचा निर्णय. म्हणजे 'आम्ही फक्त आकडा दिला' ही पळवाट बंद.

आपल्या केंद्र सरकारनं नोव्हेंबर २०२५ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली, तूर्त वेगळा कायदा नको म्हणून. ठीक आहे, जाडजूड कायद्याची मलाही हौस नाही. जुन्याच नियमात दोन ओळी घाला: यंत्राच्या नकाराचं कारण अर्जदाराला कळेल अशा भाषेत, मराठी माणसाला मराठीत, द्यावं, आणि त्यानं मागणी केली तर नाव-हुद्दा असलेल्या अधिकाऱ्यानं अर्ज पुन्हा तपासून सही करावी. चूक झाली तर जाब त्या अधिकाऱ्याला आणि बँकेला विचारता यावा, सॉफ्टवेअर विकणाऱ्याकडे बोट दाखवून सुटका नको.

मुलीनं मशीन शेवटी बचत गटातून पैसे उचलून घेतलं. कारण मागणारं पत्र मी तिच्याकडून लिहवून स्पीड पोस्टानं पाठवलं आहे. पोच आली, उत्तर नाही.

आपला,
एक निवृत्त शाखाधिकारी,
तासगाव (जि. सांगली)