'चटईला टाचणी टोचली' आणि आमचं दीड वर्ष

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या रविवार पुरवणीत होमस्कूलिंगवर, म्हणजे पोराला शाळेत न घालता घरीच शिकवण्यावर, लेख आला आणि मग त्याच्यावर दोन आठवडे पत्रं चालली, एक जण म्हणतात शाळा म्हणजे कोंडवाडा, दुसरे म्हणतात घरी ठेवलेली पोरं माणूसघाणी होतात, पळपुटी होतात. दोन्ही पत्रं मी आगारात डबा खाता खाता वाचली. मी एसटीत मेकॅनिक आहे, लिहायची सवय नाही, त्यामुळं इकडचं तिकडं झालं तर सांभाळून घ्या. पण आम्ही पोराला दीड वर्ष घरी ठेवलेलं आणि परत शाळेत घातलेलं आहे, म्हणून म्हणलं आपणपण चार शब्द लिहावेत.

आमचं पोरगं बोलताना अडकतं. लहानपणापासून. 'प', 'त', 'क' ही अक्षरं आली की गाडी जागेवर थांबते, आणि त्याच्या नावातलं पहिलंच अक्षर 'प' आहे, आता हे नाव ठेवताना कुणाला माहीत असतंय. कोरोनाच्या दोन वर्षांत जगाचे हाल झाले पण आमचं पोरगं त्यात सगळ्यात सुखी होतं. ऑनलाइन वर्ग, माईक बंद, उत्तर चॅटमध्ये टाइप करायचं. सहावीत गेल्यावर, म्हणजे २०२२ च्या जूनला, खरी परीक्षा सुरू झाली. मधल्या सुट्टीत पाचसहा पोरं त्याला बेंचाला खेटून उभं करायची आणि म्हणायला लावायची, 'चटईला टाचणी टोचली'. रोज. न अडकता म्हणलं तर डबा परत मिळणार, नाहीतर नाही. त्याचं नावच पडलं टाचणी. हे आम्हाला कळलं कधी, तर दिवाळीच्या आधी, तेपण किराणाच्या दुकानात एका बारक्या पोरानं मला विचारलं, "काका, तुम्ही टाचणीचे पप्पा ना?"

त्याच्या आधी बायकोच्या लक्षात एक गोष्ट आली होती. वॉटरबॅग भरलेली परत यायची. सकाळी जेवढं पाणी घालून दिलं तेवढंच, ती ते रोज संध्याकाळी तुळशीला ओतायची आणि आम्ही म्हणायचो, पावसाळ्याचं पीत नसेल. नंतर कळलं की तो मुद्दाम पाणी प्यायचा नाही, कारण पाणी प्यायलं की मुतारीत जावं लागतं आणि मुतारीत ती पोरं असायची. सहावीतलं पोरगं सकाळी दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत एक घोट पाणी न पिता बसत होतं, आणि मी त्याला वर म्हणायचो, "अरे तूपण दोन ठेवून दे की." एकदा दिली ठेवून. कंपासपेटी मारली एकाच्या कपाळावर. मग पालक म्हणून मलाच बोलावलं शाळेत.

शाळेचं नाव घेत नाही, त्यात काही अर्थ नाही. बाई वाईट नव्हत्या. त्या म्हणल्या, "मस्करी करतात हो पोरं, त्याला सांगा मनावर घेऊ नको." वर्गात ५८ पोरं, त्यात त्यांना पोषण आहाराचा हिशोब, त्यात ऑनलाइन माहिती भरायची, त्यांचंपण मला कळतं. पण त्याच भेटीत त्यांनी पोराला विचारलं, "काय झालं सांग बाळा," आणि तो 'प'वर अडकला तेव्हा त्या स्वतःच किंचित हसल्या. मुद्दाम नाही. मी बघितलं, पोरानंही बघितलं. ऑफिसच्या व्हरांड्यात तक्रार पेटी होती, हेडमास्तरांच्या दाराला लागूनच, जाणारायेणारा प्रत्येकजण बघणार अशी. कुठलं पोरगं त्यात चिठ्ठी टाकणार?

दिवाळीच्या सुट्टीनंतर तो शाळेत गेलाच नाही. होमस्कूलिंग वगैरे शब्द आम्हाला तेव्हा माहीतपण नव्हता, पोरगं सकाळी उलट्या करत होतं म्हणून घरी ठेवलं, मग आठवड्याचा महिना झाला आणि मग दाखलाच काढून आणला. बायकोचं पोळीभाजी केंद्र घरातच आहे, ४० डबे जातात रोज, म्हणून जमलं. हे मुद्दाम सांगतो, कारण तुमच्या लेखातले आईवडील लॅपटॉपवर काम करणारे होते. ज्या घरात दोघं बाहेर जातात, किंवा घर म्हणजे एक खोली आणि तिच्यात आजारी म्हातारं माणूस आहे, त्यांनी होमस्कूलिंग करायचं कुठं? माझ्या बरोबरचा एक कंडक्टर आहे, त्याच्या मुलीचं असंच चाललंय, त्याला मी काय सांगू, घरी ठेव म्हणून?

कायद्याचं लोक फार विचारतात. मी जे वाचलं ते असं, २००९ चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी आहे, त्यातलं कलम १० म्हणतं की पोराला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य आहे, पण नाही घातलं तर पालकाला अमुक दंड असं त्यात काही नाही. होमस्कूलिंग चालतं असंही कुठं सरळ लिहिलेलं नाही. म्हणजे अर्धवट उजेड. पण सरकारी कागदावर आमचं पोरगं 'शाळाबाह्य' झालं. सर्वेक्षणाला गुरुजी आले, वीटभट्टीवरच्या पोरांची यादी होती त्यांच्याकडं, त्याच कागदावर खाली आमच्या पोराचं नाव लिहिलं, आणि हे नाव लिहिताना आमचं पोरगं आत बसून अपूर्णांकाची गणितं सोडवत होतं. शाळेच्या पोर्टलवर तर दाखला काढल्यावर नाव ड्रॉपबॉक्समध्ये, म्हणजे शाळा सोडलेल्यांच्या यादीत, जातं म्हणे. बायको म्हणली, आपलं पोरगं डब्यात पडलंय तर सरकारच्या, आपल्या ४० डब्यांत अजून एक.

अभ्यासाचं टेन्शन होतं तेवढं अवघड गेलं नाही. बालभारतीची पुस्तकं त्यांच्या साईटवर फुकट आहेत. डब्यांचा हिशोब त्याच्याकडं दिला, कुणाचे किती खाडे, कुणाची भाकरी, कुणाची चपाती, महिन्याला कुणाचं किती. नफातोटा आणि शेकडेवारी ह्यातच झाली. पुढं लागलं असतं तर १७ नंबरचा फॉर्म आहेच दहावीला बाहेरून बसायला, १४ वर्षं पूर्ण पाहिजेत. केंद्र सरकारचं मुक्त विद्यालय, ते एनआयओएस, तेही आहे. मुंबईची एक मुलगी सातवीत शाळा सोडून घरी शिकली आणि २०१६ ला ऑलिम्पियाड स्पर्धांच्या पदकांवर थेट अमेरिकेत एमआयटी ह्या मोठ्या विद्यापीठात गेली, ही बातमी तर आम्हाला नातेवाईकांनी इतक्या वेळा पाठवली की मला वाटायला लागलं, आता ह्यालापण एमआयटीला पाठवावं लागणार.

खरी गोष्ट वेगळीच होती. पहिल्या तीन महिन्यांत पोरगं फुललं. उलट्या बंद, झोप लागायला लागली, आईशी बोलताना अडकणं निम्म्यावर आलं. आम्ही म्हणलं झालं, जिंकलं. पण वर्षभरानं बघितलं तर घराबाहेरचा माणूस दारात आला की तो आत. डबेवाल्या गिऱ्हाइकाचा फोन वाजला की आईकडं फोन टाकून माडीवर. वाण्याकडं पाठवलं तर चिठ्ठी लिहून न्यायचा. कटिंगला गेला तर न बोलता मोबाईलमधला फोटो दाखवायचा. आम्ही त्याला भीतीपासून लांब नेलं होतं, आणि भीती वाढतच होती, पोरगं रोज एक एक पाऊल मागं सरकत होतं. तेव्हा ते दुसरं पत्र, माणूसघाणी होतात म्हणणारं, तेपण पूर्ण खोटं नाही. पण त्या गृहस्थांना एवढंच विचारायचं आहे की शाळेत असताना तो कुठं माणसाळलेला होता हो? तिथं तर तो पाणीपण पीत नव्हता.

सिव्हिलला चौकशी करून आम्ही एका स्पीच थेरपिस्ट बाईंकडं गेलो. पहिल्याच दिवशी त्यांनी पोराला बाजूला ठेवून आमचीच शाळा घेतली. म्हणल्या, त्याचं वाक्य तुम्ही पूर्ण करता का? मी म्हणलं, हो, मदत म्हणून. ते बंद. 'हळू बोल', 'श्वास घे' म्हणता का? तेही बंद. त्याच्याकडं बघायचं, थांबायचं, तो काय बोलतोय ते ऐकायचं, कसं बोलतोय ते नाही. १२ वर्षं मी पोराची वाक्यं पूर्ण करत होतो. म्हणजे डबा हिसकावणारी पोरं वाईट हे खरंच, पण मीपण त्याच्या तोंडातला घास काढूनच घेत होतो की.

आता भजनाचं सांगतो. माझं गुरुवारी दत्ताच्या देवळात भजन असतं, आठ दहा जण, एक मी सोडला तर सगळे साठीच्या पुढचे. पोरगं घरी एकटं नको म्हणून न्यायला लागलो, टाळ दिले हातात. आणि गाताना ते अडकत नाही. एक अक्षर नाही. थेरपिस्ट बाई म्हणल्या की हे होतंच, गाताना आणि सगळ्यांबरोबर एका सुरात म्हणताना अडखळणाऱ्यांची जीभ सुटते, जगभर माहीत असलेली गोष्ट आहे. मला नव्हती माहीत, मी देवाचीच कृपा धरून बसलो होतो. असो, तेपण असेल.

पण मुद्दा गाण्याचा नाही. एका गुरुवारी दोन अभंगांच्या मधी नवीन आलेल्या एका पाव्हण्यानं विचारलं, "काय नाव रे तुझं?" पोरगं 'प'वर थांबलं. प, प, प. तो पाव्हणा हसला आणि त्याची नक्कल केली, "प-प-पप्पू का?" दोघं तिघं हसायच्या बेतात होते, खरं सांगतो, टाळ खाली ठेवून तोंड उघडलंच होतं त्यांनी. पखवाजावर आप्पा बसतात आमचे, सत्तरीचे, त्यांनी पखवाजाच्या शाईवर, त्या काळ्या गोलावर, हात नुसता ठेवला, पाव्हण्याकडं बघितलं आणि म्हणले, "पोराचं बोलून झालं नाय अजून."

एवढंच. आवाजपण चढवला नाही. सगळे गप्प. पोरानं वेळ घेतला, नाव सांगितलं, आप्पांनी परत थाप मारली आणि पुढचा अभंग सुरू. कुणी शाब्बास म्हणलं नाही, कुणी पाठीवर हात फिरवला नाही. घरी येताना गाडीवर मागं बसून पोरगं मला म्हणलं, "वर्गात असं कुणी म्हणलंच नाही." ५८ पोरांत एक नाही. बाईपण नाही.

मी नंतर मोबाईलवर शोधलं तर फिनलंडमध्ये, तुर्कू म्हणून गाव आहे तिथल्या विद्यापीठानं, शाळांसाठी 'कीवा' नावाचा कार्यक्रमच बनवलाय, त्याचा मोठा भर बाजूला उभं राहून बघणाऱ्या पोरांवर आहे. बघणारे हसले की मारणाऱ्याला जोर येतो, बघणारे सरकून त्याच्या बाजूला उभे राहिले की जोर जातो. आता हे कळायला फिनलंडला कशाला जायला पाहिजे. त्या पाचसहा पोरांचा जो म्होरक्या होता तो आमच्या दोन गल्ल्या पलीकडं राहतो, एकटा भेटला की "काका नमस्कार" करतो, गोड पोरगं. मागं पाच जण असले की वाघ. त्याला मी कधी राक्षस समजलो नाही. त्याला प्रेक्षक मिळत होते, एवढंच.

म्हणून मला तुमच्या पुरवणीतलं ते शाळा विरुद्ध घर भांडणच चुकीचं वाटतं. घरी ठेवणं म्हणजे हाडाला प्लास्टर घालणं, आमच्या पोराला त्याची गरज होती आणि मी ते परत करीन, पण प्लास्टर घालून कुणी दीड वर्ष बसत नाही, आम्ही तेवढे बसलो कारण उतरवायची भीती आम्हालाच वाटत होती. आणि ज्यांना प्लास्टर घालायची ऐपत नाही त्यांचं पोरगं त्याच वर्गात राहणार आहे, तेव्हा वर्गाचंच काहीतरी करावं लागणार. कायद्यात कलम १७ आहे, पोराला शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ नको म्हणून. पण कलम वर्गात येऊन पखवाजावर हात ठेवत नाही ना.

२०२४ च्या जूनला दुसऱ्या शाळेत घातलं, सरळ आठवीत, कारण वयाप्रमाणे वर्ग द्यायचा असं त्याच कायद्याच्या कलम ४ मध्ये आहे, मधलं वर्ष गेलं म्हणून अडवता येत नाही. हे पालकांनी लक्षात ठेवा, बऱ्याच ठिकाणी क्लार्कलाच माहीत नसतं आणि आपण परत येतो. प्रवेशाआधी वर्गशिक्षकांना आम्ही भेटलो, सगळं सांगितलं. सरांनी एक साधी गोष्ट केली, मराठीच्या तासाला एकेकट्यानं उभं राहून वाचायचं बंद करून सगळ्या वर्गालाच जोडीनं वाचायला लावलं, दोघांनी एका सुरात. आमच्या पोरासाठी म्हणून सांगितलंच नाही कुणाला. नवीन शाळेत सगळं गोडगोड आहे असं नाही, गाव बारकं, टाचणी हे नाव पहिल्याच आठवड्यात मागं मागं आलं. एकदोघं म्हणतात अजून. तो म्हणतो, म्हणू दे, त्यातला एक तर माझ्याच डब्यातलं खातो. फोन मात्र अजून उचलत नाही, थेरपी चालू आहे.

आता नववीत आहे. वॉटरबॅग कधी रिकामी येते, कधी अर्धी, बायको अजून रोज उघडून बघते.

एक विनंती, पत्र छापलं तर नाव छापू नका. रविवारचं शब्दकोडं आमच्याकडं तोच सोडवतो, सगळ्यात आधी पेपर त्याच्या हातात जातो, आणि भजनातलं मी लोकांना सांगितलं हे कळलं तर गुरुवारी माझ्या गाडीवर बसायचा नाही.

आपला,
एक वाचक, कराड