रुसलेल्या रोहितासाठी आभार

रविवारी ऐरोलीला खाडीकाठी आमच्या सोसायटीच्या पोरांना गोष्ट सांगणाऱ्या काकू, तुमचे मनापासून आभार. गोष्ट होती रोहित पक्ष्याच्या, म्हणजे फ्लेमिंगोच्या, राखाडी पिल्लाची, 'मी गुलाबी का नाही' म्हणून रुसलेल्या. शेवाळ आणि बारीक कोळंबी खाऊन पिसांवर हळूहळू रंग चढतो, हे पोरांना असं कळलं. (माहितीफलक वाचतंय कोण!) आपली दुर्बीण पोरांच्या हाती देणाऱ्या दादांचेही आभार, काचांवर वेफर्सची बोटं उमटली, तरी हसत होते.

ठाणे खाडी २०१५पासून फ्लेमिंगो अभयारण्य, २०२२पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. पोरांना त्याचं काय? काल निर्माल्याची पिशवी घेऊन निघालेल्या आजोबांना धाकटीने दारातच अडवलं, "खाडीत टाकलंत तर पिल्लू काय खाईल?" पिशवी सोसायटीच्या खतखड्ड्यात गेली, प्लास्टिक काढून.