टीचर, तुमच्या बोटाला बांधलेली ती काडी

टीचर,

समोर बसून हे बोलायला गेले की तुम्ही ऐकून घेत नाही. ‘चहा टाकते’ म्हणून उठता, नाहीतर ‘चल, स्केल वाजव’ म्हणता. म्हणून आता चारचौघांत लिहिते आहे. तुमची नात फोनवरून वाचून दाखवेल, तेव्हा मध्येच उठायचं नाही.

मागच्या वर्षी मार्चमध्ये आमच्या इमारतीतल्या जुन्या लिफ्टच्या जाळीच्या दारात माझ्या उजव्या हाताची अनामिका सापडली. पुढचं ऑपरेशन, टाके, गरम पाण्यात बोट बुडवून बसणं, ते सगळं राहू दे. बोट वाचलं. मधलं पेर मात्र आता वाकत नाही. मूठ मिटली तरी ते एकटं ताठ उभं राहतं. पियानोच्या भाषेत, अंगठ्यापासून मोजत, हे चौथं बोट. धडधाकट माणसाचंसुद्धा ते सर्वांत हट्टी, शेजारच्या तिसऱ्याला सोबत घेतल्याशिवाय हलत नाही. माझं तर हलणंच थांबलं.

ज्या क्लासला मी सहा वर्षं जात होते, तिथे पट्टी सुटल्यावर पहिल्यांदा गेले. त्या क्लासचं नाव लिहीत नाही. दहा मिनिटं त्यांनी माझं वाजवणं ऐकलं, त्यातली निम्मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघण्यात गेली. मग म्हणाले, ‘तुम्ही आता परीक्षेच्या बॅचला नको. शनिवारी रसग्रहणाचा वर्ग असतो, तिथे ऐकायला येत जा.’ ऐकायला! पस्तिशीत पियानो शिकायला सुरुवात केली, बँकेतून सुटल्यावर धावत लोकल पकडून त्यांच्या जिन्यापाशी पोचायची, पाचव्या ग्रेडपर्यंत आले, ते काय ऐकायला बसण्यासाठी? हाताच्या डॉक्टरांनी त्याआधीच विचारलं होतं, ‘यावर पोट नाही ना तुमचं? मग एवढं काय त्यात?’ घरातल्या एका वडीलधाऱ्यांनी सुचवलं की पेटी शीक, तिथे चार बोटांत भागतं. कुणाचा हेतू वाईट नव्हता. पण ज्याला त्याला माझं काहीतरी कमी करून मोकळं व्हायचं होतं. मी घरच्या इलेक्ट्रिक पियानोवर चादर टाकली. ती आठ महिने तशीच होती.

तुमचा पत्ता मला कुठल्या जाहिरातीतून मिळाला नाही. आमच्या शाखेतली एक मैत्रीण दादरच्या पोर्तुगीज चर्चच्या क्वायरमध्ये गाते, तिने जवळजवळ ओढत आणलं. लाकडी जिना, दुसरा मजला, दाराशी ओल्या छत्र्या. पाऊस जोरात होता. तुमच्या उभ्या पियानोच्या पोटात तुम्ही एक छोटा बल्ब पेटता ठेवला होता, आतल्या फेल्टला ओल धरू नये म्हणून. फटीतून पिवळा उजेड दिसत होता आणि खोलीभर डांबराच्या गोळ्यांचा वास. मी सवयीने हात पदराआड घेतला होता. तुम्ही बोटाकडे पाहिलंही नाही. विचारलंत, ‘काय वाजवायचंय गो तुला?’

आठ महिन्यांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. काय झालं, कसं झालं, दुखतं का, हे सगळ्यांनी विचारलं. काय वाजवायचंय, ते तुम्हीच विचारलंत.

मी म्हटलं, क्लारा शूमानची व्हेरिएशन्स, ऑपस 20. एकोणिसाव्या शतकातली जर्मन पियानोवादक ती, आणि ही एकाच मूळ चालीची, म्हणजे थीमची, तिने बांधलेली वेगवेगळी रूपं. सगळी नाहीत, ती मला या जन्मी जमायची नाहीत. निदान सुरुवातीची थीम. तुम्ही मान हलवलीत, माझं पुस्तक ठेवून घेतलंत, आणि ‘पुढच्या शनिवारी ये, साडेचारला’ म्हणालात. त्या दिवशी पियानोच्या पट्टीला हातही लावू दिला नाहीत. परतताना मला वाटलं, हाही नकारच, फक्त गोड बोलून दिलेला.

आणि मग तो पुढचा शनिवार.

मी पाऊण तास आधीच पोचले. दार तुम्हीच उघडलंत. तुमच्या उजव्या अनामिकेला आइस्क्रीमची लाकडी काडी होती, तळव्याच्या बाजूने, पांढऱ्या चिकटपट्टीचे तीन वेढे देऊन घट्ट बांधलेली. मला वाटलं, तुम्हालाही लागलं. मी विचारलं तर तुम्ही हात मागे घेतलात, शाळेतल्या मुलीने चिंच लपवावी तशा. मग सरळ म्हणालात, ‘तुझं बोट कुठे अडतं ते कळल्याशिवाय मी आकडे कसे लिहू?’

वयाच्या शहात्तराव्या वर्षी, सांध्यांना आधीच सूज असताना, आठवडाभर रोज संध्याकाळी तुम्ही स्वतःचं चांगलं बोट बांधून ठेवून ती एक पानाची थीम वाजवत होतात. कुठला सूर कुठल्या बोटाने वाजवायचा त्याचे आकडे पुस्तकात छापलेले असतात, त्यातला प्रत्येक ‘चार’ खोडलेला होता. त्याच्या जागी मऊ पेन्सिलीने नवे आकडे: कुठे तीन आणि पाच, कुठे एकाच पट्टीवर आवाज न तुटता बोट बदलायचं, कुठे आतला सूर बाण काढून डाव्या हाताच्या स्वाधीन केलेला. एफ शार्प मायनरची ती संथ थीम उजव्या हातात जाड कॉर्डमधून, म्हणजे एकदम वाजणाऱ्या सुरांच्या जुडग्यांमधून, चालते. गाणं असतं सर्वांत वरच्या सुरात, म्हणजे नेमकं चौथ्या-पाचव्या बोटांच्या भरवशावर. तिथे चौथं नसेल तर सूर तुटतो, आणि सूर तुटला की त्या थीममध्ये उरतं काय? एका ठिकाणी एका सुराभोवती कंस करून तुम्ही मराठीत लिहिलं होतं, ‘हा सोडलास तरी क्लारा रागावणार नाही.’

टीचर, मी तुमच्यासमोर रडले ते त्या कंसापाशी. तुम्हाला वाटलं बोट दुखतंय. तसं नव्हतं. सहा वर्षं मी माझा हात छापील पानाला पुरा पडावा म्हणून धडपडत होते, आणि तुम्ही ते पान घेऊन माझ्या हाताशी येऊन बसला होतात. हे लिहिताना आत्ताही घसा दाटून येतो.

नंतरच्या शनिवारांना, बोटं दमली की, तुम्ही क्लाराबद्दल सांगत गेलात. नाव मला माहीत होतं, बाई माहीत नव्हती. 1819 मध्ये लाइपझिगला जन्मलेली, चार वर्षांची होईपर्यंत जवळजवळ न बोलणारी, घरच्यांना बहिरी वाटलेली मुलगी. बाप फ्रीडरिख वीक स्वतः पियानो शिकवणारा. नवव्या वर्षी ती तिथल्या गेवांडहाउस या संगीतगृहाच्या मंचावर आली आणि सोळाव्या वर्षी स्वतः रचलेला पियानो कन्चेर्तो संगीतकार मेंडेल्सोनच्या हाताखालच्या वाद्यवृंदाबरोबर वाजवून मोकळी झाली. मग त्याच बापाविरुद्ध कोर्टात उभं राहून 12 सप्टेंबर 1840 ला, एकविसावा वाढदिवस उजाडायच्या आदल्या दिवशी, संगीतकार रॉबर्ट शूमानशी लग्न. चौदा वर्षांत आठ बाळंतपणं. भिंती पातळ, नवरा रचना करत असला की हिचा सराव बंद. तो बाहेर पडला की ही घाईने पियानोपाशी. हे सांगताना तुम्ही हसला नव्हतात, स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होतात. मी विचारलं नाही.

पण मला हलवून गेली ती वेगळीच गोष्ट. रॉबर्टला स्वतः मोठा पियानोवादक व्हायचं होतं, आणि 1832 च्या सुमाराला त्याच्या उजव्या हाताचं एक बोट निकामी झालं. वाजवणं संपलं. जे त्याने लिहिलं ते लोकांपर्यंत नेलं क्लाराच्या बोटांनी. तुम्ही ही गोष्ट पहिल्याच दिवशी सांगू शकला असतात, धीर द्यायला. नाही सांगितलीत. थीमच्या पहिल्या आठ मात्रा मला नीट वाजवता आल्यावर सांगितलीत. आधी काम, मग धीर. हे शहाणपण मला आजवर कुठे भेटलं नव्हतं.

ही व्हेरिएशन्स तिने 1853 च्या जूनमध्ये नवऱ्याला वाढदिवसाची भेट दिली. थीम त्याचीच, वरचं विणकाम तिचं. पुढच्या फेब्रुवारीत त्याने ऱ्हाइन नदीत उडी घेतली, लोकांनी बाहेर काढलं, मग एंडेनिखचा मनोरुग्णांचा दवाखाना. तिला त्याला भेटू दिलं ते 1856 च्या जुलैत, तो जायच्या दोन दिवस आधी. त्यानंतर तिने जवळपास काही रचलं नाही. पोरांची पोटं होती, गावोगाव वाजवत फिरली. 1839 मध्ये, वीस वर्षांची असताना, तिने डायरीत लिहून ठेवलं होतं की आपल्यात रचनेची प्रतिभा आहे असं वाटायचं, आता तो नाद सोडला, बाईने रचना करायची इच्छा धरू नये. हे लिहूनही सात वर्षांनी तिने पियानो, व्हायोलिन आणि चेलोचं ते त्रिकूट लिहिलं. ते मला तुम्ही ऐकवलंत, आणि ऐकवून झाल्यावर खालचा खण उघडलात.

त्या खणाबद्दल लिहू का? रागावू नका. चाळीसेक छोट्या रचना, हातानेच ओढलेल्या पाच रेघांवर, काहींच्या कोपऱ्यात विद्यार्थ्यांची नावं. लेंटमध्ये, ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत, गोव्यात मोतेत नावाची भक्तिगीतं गातात, त्यांच्या चालीवरून बेतलेली दोन पानं. एक तर डाव्या हाताला पोलिओ झालेल्या मुलासाठी, फक्त उजव्या हाताची. म्हणजे माझ्यासाठी तुम्ही काही वेगळं केलं नव्हतं. आयुष्यभर हेच करत आला होतात. कुठे छापल्या नाहीत, कुणाला सांगितलं नाही.

तुमचे वडील गोव्यातल्या सासष्टीच्या चर्चच्या शाळेत सोल्फेज, म्हणजे लिहिलेले सूर वाचून गाणं, शिकून व्हायोलिन घेऊन मुंबईला आले आणि हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात बसले. तेव्हाच्या त्या गोवेकरांच्या फौजेतली सेबास्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस ही नावं आता निदान जाणकार तरी घेतात. मागच्या रांगेत बसणाऱ्यांची कोण घेतो? तुम्ही त्या रांगेतल्या माणसाची मुलगी. रविवारी मिस्साला वाजवायचं, लग्नांत वाजवायचं, गाणाऱ्यांना साथ करायची, आणि उरलेल्या वेळात दादर-माहीमच्या तीन पिढ्यांना पांढऱ्या-काळ्या पट्ट्या ओळखायला शिकवायचं. तुमच्या भिंतीवर स्वतःचा एकही फोटो नाही. विद्यार्थ्यांचे आहेत.

क्लाराचाही दंड दुखायला लागला होता, हे तुम्हीच सांगितलंत. 1873 नंतर दीड-एक वर्षं तिला मंचावर जाता आलं नाही. मग परतली, आणि 1878 मध्ये, मंचावरची पन्नाशी भरत असताना, फ्रँकफर्टच्या होख कन्झर्वेटरी या संगीत विद्यालयात शिकवायला गेली. चौदा वर्षं शिकवलं. तिच्या मुली आधी विद्यार्थ्यांचे हात तयार करायच्या, मग ते आईसमोर बसायचे. नवऱ्याच्या पियानो रचनांची शिकणाऱ्यांसाठी आवृत्ती काढली, तीत बोटांचे आकडे स्वतः घातले. इंग्लंडहून तिच्याकडे गेलेली अडेलिना द लारा ही विद्यार्थिनी इतकं जगली की 1950 च्या दशकात तिचं वादन ध्वनिमुद्रित झालं. युरो येण्याआधी जर्मनीच्या शंभर मार्कांच्या नोटेवर क्लाराचं चित्र होतं. नोटेवर येण्याचं मला काही नाही. पण कुणाच्या तरी हातासाठी आकडे लिहीत बसलेली ती म्हातारी बाई मला आता अगदी घरची वाटते, आणि तिचा चेहरा मला तुमच्यासारखाच दिसतो. त्याला मी काय करू?

एक कबुली. त्या जुन्या क्लासवर माझा राग अजून गेलेला नाही. तुम्ही म्हणता सोडून दे. प्रयत्न करते. पण असं वाटतं की त्यांच्याकडेही पेन्सिल होती. रबरही होतं. एक संध्याकाळ लागली असती. भली माणसं जगात कमी नाहीत टीचर, लोकलमध्ये सरकून जागा देणारी, रांगेत म्हाताऱ्याला पुढे करणारी रोज दिसतात. पण दुसऱ्याचं अडतं कुठे ते बघण्यासाठी आपलं चालतं बोट बांधून ठेवणारं माणूस मी एकच पाहिलं.

ती काडी मी मागून घेतली होती, आठवतं? तुम्ही कचऱ्यात टाकणार होतात. ती माझ्या पुस्तकात खूण म्हणून आहे, चिकटपट्टीचा डिंक अजून लागतो बोटाला. चादर आता बाल्कनीत, धुण्याच्या दोरीवर असते.

बाकी येत्या शनिवारी बोलू. शेवटच्या ओळीत, परतीच्या त्या कॉर्डवर, तुम्ही आकडा लिहिलेला नाही, नुसतं प्रश्नचिन्ह काढलंय आणि खाली ‘तू बघ’. मी तिथे तिसऱ्यावरून सरळ पाचव्यावर जाते आहे, अंगठा थोडा आधी सोडून, आणि पेडल अर्धंच उचलून. मला वाटतं सूर तुटत नाही. तुम्ही ऐकून सांगा.

तुमची,
शनिवारची साडेचारची