पाड्यावरच्या वाचनालयालाही मान्यता हवी

संपादक महाशय,

आदिवासी महिलांच्या सक्षमीकरणाची चर्चा बहुधा बचत गट, कर्ज आणि प्रशिक्षण शिबिरे यांपाशीच थांबते. पाड्यावर वाचायला काही आहे का, हे क्वचितच कोणी विचारते. जव्हार तालुक्यातील एका पाड्यावर आम्ही सहा वर्षांपासून समाजमंदिराच्या खोलीत दोन कपाटांचे वाचनालय चालवत आहोत. त्याच खोलीत महिलांचा बचत गट नागलीचे पापड करतो आणि हंगामात मोहफुले वाळवून, निवडून विकतो.

2011 च्या जनगणनेनुसार राज्यातील आदिवासी स्त्रियांमध्ये साक्षरता सुमारे 57 टक्के होती. त्यांतल्याही कित्येक जणी चौथी-पाचवीत शाळा सुटली की पुढे अक्षर नजरेलाच पडत नाही म्हणून वाचन विसरतात, हे निवृत्त शिक्षक या नात्याने मी जवळून पाहिले आहे. आमच्या गटातील एक बाई अशाच. दोन वर्षे त्या पापड लाटून झाले की मोठ्या अक्षरांची पुस्तके बोट ठेवून वाचत असत. गेल्या हंगामात व्यापाऱ्याने दिलेली चिठ्ठी त्यांनी तशीच बोट ठेवून वाचली. चिठ्ठीवर 21 किलो होते, आणि पाड्यावरून निघताना गटाच्या काट्यावर मोहफुले 24 किलो भरली होती. दुसऱ्या दिवशी दोघींना सोबत घेऊन त्या पुन्हा गेल्या आणि तीन किलोंचे पैसे घेऊनच परतल्या. तेव्हापासून प्रत्येक चिठ्ठी वाचनालयातल्या वहीत चिकटवली जाते. मोहफुलांसारख्या गौण वनोपजावरील मालकी हक्क मान्य करणाऱ्या 2006 च्या वनहक्क कायद्यातील तरतूद आम्ही सोप्या मराठीत लिहून भिंतीवर लावली आहे. तीही आता रोज कोणी ना कोणी मोठ्याने वाचते. पापडाच्या पाकिटावर वजन, घटक आणि तारीख काय लिहायची, हे गेल्या वर्षापर्यंत मला विचारले जाई. आता त्या स्वतः लिहितात.

शासनाने याकडे लक्ष द्यावे, अशी माझी विनंती आहे. राज्याचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा 1967 चा आहे आणि ग्रंथांची संख्या, नियतकालिके, उघडे राहण्याचे तास यांवरून ग्रंथालयांची अ ते ड अशी वर्गवारी होते. गावाच्या पेठेतील वाचनालयासाठी ही मोजपट्टी योग्यच आहे. परंतु दिवाळीनंतर निम्मा पाडा भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातो आणि मोहाच्या दिवसांत पहाटेपासून सगळ्या बायका झाडांखाली असतात, तिथे ठरलेल्या वेळेचा आग्रह धरला तर असे वाचनालय कधीच अनुदानास पात्र ठरणार नाही. बचत गटाने चालवलेल्या वाचनालयासाठी स्वतंत्र वर्ग करावा, वेळ गटाला ठरवू द्यावी आणि स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांसोबत भट्टीवर नेता येईल अशी पुस्तकांची पेटी अनुदानात धरावी. पुस्तके निवडतानाही त्या बायकांना विचारावे. आमच्याकडे सर्वाधिक मागणी पाककृतींना असेल असा माझा समज होता. प्रत्यक्षात सर्वांत जीर्ण झाले आहे ते शेळीपालनाचे पुस्तक, आणि त्याची दुसरी प्रत घ्यायला आमच्याकडे या वर्षी पैसे नाहीत.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
ता. जव्हार, जि. पालघर