सर्व्हर चालूच असतो हो!

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

एका सिस्टीममध्ये पैसे भरल्याची नोंद आहे आणि दुसरीत नाही, असली बातमी आली की तुमच्याकडे शेवटी एक वाक्य ठरलेलं असतं, ‘तांत्रिक बिघाडामुळे असे झाले’, नाहीतर मग ‘सर्व्हर डाऊन’. मी दिवसभर हेच काम करतो, दोन वेगळ्या डेटाबेसमधला डेटा सिंक, म्हणजे एकसारखा, ठेवायचं, म्हणून लिहितोय. बहुतेक वेळा सर्व्हर ठणठणीत चालू असतो, लॉगमध्ये (सर्व्हरच्या नोंदवहीत) एकही एरर नसते आणि तीच तर खरी बोंब आहे.

माझ्यावरच बेतलेलं सांगतो. मायएसक्यूएल नावाच्या डेटाबेसमधून पोस्टग्रेस नावाच्या दुसऱ्या डेटाबेसमध्ये आम्ही दर ५ मिनिटांनी डेटा न्यायचो, प्रत्येक रोमध्ये (म्हणजे एकेका नोंदीत) शेवटच्या बदलाची वेळ असते, मागच्या फेरीनंतर जे बदललं तेवढं उचलायचं, सोप्पं. आता एक ट्रान्झॅक्शन (एकत्र होणारे बदल) १०:०४ ला सुरू झालं, रोवर वेळ पडली १०:०४, पण कमिट, म्हणजे पक्कं, झालं १०:०६ ला. आमचा डेटा नेणारा जॉब १०:०५ ला येऊन गेला, कमिट नाही म्हणून त्याला तो रो दिसलाच नाही, आणि पुढच्या फेरीत तो १०:०५ नंतरचंच बघणार. गेला रो! डिलीटचं तर विचारूच नका, जो रो उरलाच नाही त्याच्यावरची वेळ कोण वाचणार, त्यामुळे इकडे काढलेली नोंद तिकडे आरामात नांदते. गंमत म्हणजे एक रो हरवलेला, एक जास्तीचा, आणि आम्ही रोज रात्री फक्त काउंट, म्हणजे एकूण रो किती, तेवढं मोजायचो. काउंट जुळायचा!

मग आम्ही मायएसक्यूएलचा बिनलॉग, म्हणजे त्याची बदलांची वही, वाचायला लागलो. त्यात कमिटच्या क्रमाने सगळं येतं, डिलीटसुद्धा. डेबेझियमसारखी टूल्स हेच करतात, पोस्टग्रेसमध्ये त्यासाठी वॉल (त्याची तशीच वही) असतो. पण त्यातही मेख आहे, वाचणारा प्रोसेस बंद पडून राहिला तर मायएसक्यूएल मुदत संपलेले बिनलॉग खुशाल उडवून टाकतं, आणि पोस्टग्रेस उलटं, स्लॉट (वाचणाऱ्याने कुठवर वाचलं याची खूण) असला की मर्यादा घातली नसेल तर वॉल साठवत बसतं, डिस्क भरून मूळ डेटाबेसच बंद पडेपर्यंत. (हां, तेव्हा मात्र ‘सर्व्हर डाऊन’ बरोबर आहे.)

आणि दोन्ही डेटाबेसचे स्वभाव वेगळे ते वेगळेच. पोस्टग्रेसमधली रिकामी स्ट्रिंग (काहीच न लिहिलेला मजकूर) ओरॅकल या आणखी एका डेटाबेसच्या व्हारकॅर, म्हणजे मजकुराच्या, कॉलममध्ये गेली की नल, म्हणजे ‘माहितीच नाही’, होते. मधलं नाव रिकामं असलेली प्रत्येक नोंद रात्रीच्या तपासणीत ‘वेगळी’ दिसणार, स्क्रिप्ट ती दुरुस्त करणार, दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. शेवटी कंटाळून कोणीतरी तो अलर्टच बंद करतं आणि त्या ढिगाखाली खरे फरकही गाडले जातात. हे मी केलेलं आहे, लपवत नाही.

म्हणून विनंती एवढीच, पुढच्या वेळी ‘तांत्रिक बिघाड’ छापण्याआधी तुमच्या बातमीदाराने संबंधितांना दोन गोष्टी विचाराव्यात. दोघांत फरक पडला तर खरा डेटाबेस कुठला मानायचा हे आधी ठरवलेलं होतं का? आणि शेवटचा ताळा कधी केला, नुसता काउंट नाही, रोमागून रो, निदान चेकसम (डेटावरून काढलेला पडताळणीचा आकडा) तरी? पहिल्याच प्रश्नाला समोरचा शेजारच्याकडे बघायला लागला तर बातमी तिथेच आहे.

आपला,
एक डेटाबेसवाला वाचक