विषय : मास्टर सिलिंडरची नाकारलेली वॉरंटी आणि कोल्हापूर-बेळगाव टोलवाटोलवी

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा व सुटे भाग विभाग

महोदय,

आज दुपारी तुमच्या ग्राहक केंद्रातून फोन आला आणि माझी तक्रार "समाधानकारकरीत्या बंद" केल्याचं सांगण्यात आलं. समाधान कुणाचं झालं? माझं झालेलं नाही. ब्रेकचा मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइलमध्ये दाब तयार करणारा भाग, तुमच्याच लोकांकडे पडून आहे, तो कुणी उघडून बघितलेला नाही आणि वॉरंटी का नाकारली ते कुणी कागदावर लिहून द्यायला तयार नाही. यापुढे फोनवर बोलण्यात अर्थ नाही म्हणून हे पत्र.

गाडी तुमचीच आहे. २००८ ची डिझेल पिकअप, केए-२३ पासिंग, पहिल्यापासून आमच्या घरातली. चासी नंबर, बिल आणि व्हिडिओ सोबत जोडले आहेत. पुढे डिस्क, मागे ड्रम, व्हॅक्यूम बूस्टर, टँडम मास्टर. ही रचना तुम्हीच केलेली असल्यामुळे मी समजावून सांगत बसत नाही.

नवी पिकअप आज नऊ-दहा लाखांच्या घरात जाते. निपाणी तालुक्यात दोन-तीन एकर रान आणि भाड्याच्या खेपा यावर घर चालवणाऱ्याला तेवढं कर्ज झेपत नाही. म्हणून हीच गाडी उभी करायची ठरवली. इंजिनचं बोअरिंग कोल्हापुरात उद्यमनगरात करून घेतलं. रेडिएटरला नवा कोअर घातला. मागचे पाटे मोडीत न काढता कमान मारून घेतले. हौद्याचा तळ भाजीच्या पाण्यानं चाळण झाला होता, तो कापून चेकर प्लेट टाकली. दोन्ही दरवाजे जुन्या बाजारातून आणले, लांबी भरून रंगवले. हेडलाइटचा सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून जायचा आणि उजेड पिवळा पडायचा, म्हणून रिले टाकून वेगळी वायर ओढली. टायर रेडियल घातले. जिथं पैसा वाचवता येत होता तिथं वाचवला.

ब्रेकमध्ये मात्र एक रुपया वाचवला नाही. त्याच दुकानात दुसऱ्या बनावटीचा मास्टर निम्म्याहून कमी किमतीत मिळत होता. मिस्त्रीच म्हणाले, "ब्रेकला कंपनीचंच घाला, बाकी कुठं बी काटकसर करा." मी तुमचा होलोग्राम असलेला डबा छापील किमतीला घेतला. चारी चाकांची किटं तुमची, पुढचे पॅड तुमचे, ब्रेक ऑइलसुद्धा तुमच्याच लेबलचं, डॉट ३, सीलबंद. सगळ्याचं बिल आहे. जुन्या गाडीवर मी सगळ्यात जास्त विश्वास ज्या वस्तूवर टाकला, तीच निकामी निघाली.

काय झालं ते नीट वाचा. गाडी रस्त्यावर येऊन थोडेच दिवस झाले होते. बेळगावच्या मार्केट यार्डात माल उतरवून मी परतत होतो. येताना संकेश्वरहून जनावरांच्या पेंडीची पोती भरली होती. तवंदी घाटात निपाणीच्या बाजूचा उतार लागला, पुढे उसाची ट्रॉली होती. ब्रेकवर पाय ठेवला, गाडी हळू झाली, आणि पाय तसाच धरून ठेवल्यावर पेडल सावकाश खाली जायला लागलं. दाब कमी होत गेला आणि पेडल जवळजवळ तळाला टेकलं. पाय सोडून दोन-तीनदा पंप केलं की परत वर, धरून ठेवलं की परत खाली. दुसऱ्या गियरवरून पहिल्यावर आणली, हँडब्रेक हळूहळू ओढत ट्रॉलीच्या मागं कशीबशी धरली. शेजारी माझा पुतण्या बसला होता, त्यानं डॅशबोर्ड दोन्ही हातांनी धरला होता. तो घाट आणि तिथले अपघात या रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहेत.

गॅरेजला आल्यावर मिस्त्रींनी चारी चाकं बघितली. कुठं थेंब नाही. ब्रेक ऑइलच्या टाकीतलं ऑइल जिथल्या तिथं, म्हणजे बाहेर गळती नाही. हवा परत काढली, फरक नाही. मग त्यांनी मास्टरच्या दोन्ही तोंडांच्या लाइन सोडून तिथं डमी बोल्ट मारले आणि मला पेडल दाबून धरायला सांगितलं. ऑइलला बाहेर जायला वाटच नसताना पेडल दगडासारखं घट्ट राहायला पाहिजे. ते खाली गेलं. याचा अर्थ दाब आतल्या आत पिस्टनच्या रबरी कपवरून मागं निसटतोय, एक तर कपची कड कापलेली आहे नाही तर सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, बोअरला, ओरखडा आहे. हे सगळं मोबाइलवर चित्रित केलेलं आहे, डब्यावरचा बॅच नंबरही त्यात दिसतो. तुमच्याकडं ही चाचणी न कळणारा एकही इंजिनिअर नसेल असं मला वाटत नाही. पण मी ज्यांच्याशी बोललो त्यातल्या एकानंही तो व्हिडिओ उघडून बघितला नाही.

आता टोलवाटोलवीबद्दल. भाग कोल्हापुरात घेतला, कारण निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर आणि बेळगाव पंचाहत्तरेक. आमचा दवाखाना, लग्नाचा बस्ता, गुळाचा बाजार, सगळं तिकडंच आहे. विक्रेत्यानं सिलिंडर ठेवून घेतला, पोच दिली नाही आणि गाडी कर्नाटक पासिंगची असल्यामुळे क्लेम बेळगाव विभागातून घाला म्हणून सांगितलं. बेळगावला गेलो. तिथं मी कन्नडमध्येच बोललो, मला येतं. ते म्हणाले, बिल महाराष्ट्रातलं आहे, आमच्या प्रणालीत दिसत नाही, कोल्हापूरला जा. कोल्हापूरला गेलो तर परत बेळगाव. प्रत्येक वेळी टोल, डिझेल आणि एक बुडालेला दिवस, तोही दुसऱ्याची गाडी मागून, कारण माझ्या गाडीला ब्रेक नाही.

१ जुलै २०१७ पासून देशभर एकच जीएसटी आहे. पैसे घेताना तुम्ही माझी नंबरप्लेट विचारली नाहीत. मग वॉरंटी देतानाच राज्य का आडवं येतं? हा प्रदेश १९५६ ला म्हैसूर राज्यात गेला तेव्हापासून आम्ही नंबरप्लेटचा त्रास सोसतोय. तणाव वाढला की इकडं एमएचची गाडी अडवतात, तिकडं केएची. महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. एका ब्रेकच्या भागासाठी तुमच्या कंपनीनं आणखी एक सीमा आमच्या अंगावर घालायचं कारण नव्हतं.

पण हे पत्र लिहायला भाग पाडलं ते तुमच्या विभागीय कार्यालयातल्या सर्व्हिसच्या साहेबांनी. त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही, फोनची तारीख-वेळ तुमच्या नोंदीत आहे, संभाषण रेकॉर्ड होतं असं तुमची टेप प्रत्येक वेळी सांगते, ते काढून ऐका. मी सांगायला सुरुवात केली, त्यांनी मध्येच विचारलं, "गाडी कुठल्या सालची?" मी म्हणालो, २००८. ते म्हणाले, "मग साहेब, एवढ्या जुन्या गाडीला ब्रेक कशाला लागतोय? पळती तरी किती ती?" आणि हसले. त्यांच्या मागं आणखी कुणीतरी हसल्याचं मला ऐकू आलं.

मी आवाज चढवला नाही. मी म्हणालो, साहेब, तवंदी घाटात पेडल तळाला गेलंय, गाडीत पोरगं होतं. त्यावर ते म्हणाले, "तुम्ही लोकल ऑइल घातलं असणार, रबर फुगलं असणार." मी विचारलं, सिलिंडर उघडला का? "उघडायची गरज नाही, आम्हाला अनुभव आहे." मी म्हणालो, रबर फुगवणारं खनिज तेल गेलं असतं तर टाकीच्या झाकणाचा रबरी डायफ्रामसुद्धा फुगला असता, चाकांतले कप फुगले असते, चारी चाकं जाम झाली असती. यातलं काहीही झालेलं नाही, आणि ऑइल तुमचंच आहे, बिल माझ्या हातात आहे. थोडा वेळ शांतता. मग, "गाडीत मॉडिफिकेशन केलंय ना तुम्ही? हेडलाइटची वायरिंग बदललीय, हौद्यात प्लेट टाकलीय. मग वॉरंटी नाही बसत." हेडलाइटच्या रिलेचा आणि मास्टरच्या कपचा काय संबंध, हे मी विचारलं. त्यांनी सांगितलं, "पॉलिसी आहे." कुठं छापलीय ते विचारलं, उत्तर नाही. आणि शेवटी, "त्यापेक्षा एक्सचेंजमध्ये घाला की. नवीन गाडीवर चांगली ऑफर चालू आहे."

माझ्या जिवावर बेतलेलं असताना तुमच्या माणसानं मला गाडी विकायचा प्रयत्न केला. एवढ्या जुन्या गाडीला ब्रेक कशाला लागतो, हे वाक्य ब्रेक बनवून विकणाऱ्या कंपनीच्या माणसाच्या तोंडून आलेलं आहे. जुन्या गाडीलाच चांगला ब्रेक लागतो. आणि रस्त्यावर आमच्या पुढं जे दुचाकीवाले, शाळेची पोरं, बैलगाड्या असतात, ते गाडीचं साल विचारून आडवे येत नाहीत.

आमच्या आबांनी ही गाडी घेतली तेव्हा गावात तुमच्या पिकअप हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. आज तंबाखूचे बोद, भाजी, ऊस लावणीची रोपं, लग्नातली मांडवाची कापडं, सगळं तुमच्याच गाड्यांतून जातं. या भागात लोक तुमची गाडी घेतात कारण ती वीस वर्षं वापरता येते, दुरुस्त करता येते, भाग मिळतात. तुमच्या जाहिरातीतही हेच असतं. आणि तीच गाडी कुणी मेहनतीनं उभी केली की तुमचा माणूस त्याला हसतो. राग आहेच, पण त्याहून वाईट वाटलं. तुमच्याबद्दल घरात आजवर कुणी वावगा शब्द काढला नव्हता.

नुकसान आता चालू आहे. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीचं फिटनेस दर वर्षी करावं लागतं. माझं करायचं आहे, आणि या ब्रेकवर गाडी पासिंगला नेता येत नाही. सुगी तोंडावर आहे, भाडी दुसऱ्याकडं गेली. बाजारातला दुसरा मास्टर आणून गाडी चालू करा असं मला पुष्कळांनी सांगितलं. मी तेही केलं असतं, पण मग तुम्ही म्हणाल, आता गाडीत आमचा भागच नाही. आणि सिलिंडर तर तुमच्याकडं अडकलाय, पोचसुद्धा न देता.

माझं मागणं साधं आहे. सिलिंडर माझ्या किंवा माझ्या मिस्त्रींच्या समोर उघडा आणि कप व बोअरचे फोटो काढून लेखी अहवाल द्या. दोष माझ्या ऑइलचा निघाला तर तसं सहीनिशी लिहा, मी ते तपासून घेईन. दोष तुमचा निघाला तर नवा मास्टर, ऑइल आणि मजुरी द्या. त्या बॅचचे बाकीचे सिलिंडर कुठं कुठं विकले ते शोधा, कारण त्यातला एखादा आजही कुणीतरी आंबोलीच्या नाही तर चोर्ल्याच्या घाटात दाबत असेल. आणि निपाणी, चिकोडी, हुक्केरी, खानापूर इथल्या ग्राहकांनी वॉरंटीसाठी कुठल्या एका ठिकाणी जायचं ते लेखी कळवा. हा एकट्या माझा प्रश्न नाही.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करून मी बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तक्रारदार जिथं राहतो तिथं तक्रार दाखल करता येते, त्यामुळे "बिल महाराष्ट्रातलं आहे" हे तिथं चालणार नाही. गाडी धंद्याची आहे म्हणून मी ग्राहकच नाही, असंही तुमचे वकील म्हणतील. उपजीविकेसाठी स्वतः राबून वापरलेली वस्तू व्यापारी हेतूत धरत नाहीत, हे त्याच कायद्याच्या कलम २ मध्ये लिहिलेलं आहे. सदोष वस्तूबद्दल उत्पादकाची जबाबदारीही त्याच कायद्यात स्वतंत्रपणे दिलेली आहे. मला कोर्टकचेरीची हौस नाही. पण ब्रेकच्या बाबतीत मी गप्प बसणार नाही, आणि त्या फोनचं रेकॉर्डिंग मी आयोगामार्फत मागवून घेईन.

सिलिंडर कधी आणि कुठं उघडणार ती तारीख कळवा. मिस्त्रींना घेऊन मी येतो, कोल्हापूर असो की बेळगाव.

आपला ग्राहक,
पिकअपमालक, केए-२३ पासिंग
ता. निपाणी, जि. बेळगाव

सोबत : सिलिंडर, किटं, पॅड व ब्रेक ऑइलच्या बिलाची प्रत, आरसीची प्रत, डब्यावरच्या होलोग्राम व बॅच नंबरचा फोटो, डमी बोल्ट चाचणीचा व्हिडिओ