आईच्या हातात बाटली देणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

डोळ्यांच्या दवाखान्यात तुमचं नाव विचारायचं गडबडीत राहूनच गेलं. सोलापूरच्या विडी घरकुल वसाहतीतल्या, सारखं पदरानं डोळे पुसणाऱ्या ७१ वर्षांच्या आजी आठवतात का? त्यांची मी लेक. पंधरा दिवस झाले, रोज लिहायला बसते आणि गळा दाटून येतो.

वर्षभर आईच्या डोळ्यांना धार लागलेली. अण्णा जाऊन फार दिवस झाले नव्हते, त्यामुळे जो तो धरून चालला की म्हातारी रडते. भावकीतल्या एका हळदीत तर "शुभकार्यात डोळ्याला पाणी नको" म्हणून तिला मागच्या खोलीत बसवलं. ती सांगायची, "अगं, मी रडत नाही. वाळू गेल्यागत टोचतंय." कुणी ऐकलं नाही. मीसुद्धा नाही.

आधी एका डॉक्टरांना दाखवलं होतं. मान वर न करता म्हणाले, "वय झालं, असंच चालायचं." मेडिकलवाल्यानं लाली जायचे थेंब दिले, तेच तीन महिने घालत बसलो. तो राग अजून गेलेला नाही. म्हाताऱ्या बाईचं गाऱ्हाणं ऐकायला असा किती वेळ लागतो हो?

तुम्ही पापणीत कागदाची पट्टी अडकवलीत. ५ मिनिटांत जेमतेम ४ मिलिमीटर भिजली. मग माझ्याशी नाही, आईशी बोललात. "आजी, डोळा कोरडा पडलाय. पापणीच्या कडेला तेलाच्या बारीक ग्रंथी असतात, वयामुळं त्या तुंबतात. तेलाचा थर नसला की डोळ्यातलं पाणी उडून जातं, डोळा टोचतो, आणि टोचला की भसाभसा पाणी सोडतो. हे रडणं नाही." आईनं माझ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं. मला मान वर करवेना.

चाळीस वर्षं विड्या वळते म्हटल्यावर तुम्हीच सांगितलंत की पानावर नजर लावून बसलं की पापणी कमी लवते. रात्रीच्या सर्दीच्या गोळीचंही तुम्हीच विचारलंत. तिच्यानंही कोरडेपणा वाढतो, ती डॉक्टरांनी बंद केली.

पण मला लिहायचंय ते डोळ्यांच्या थेंबांच्या बाटलीबद्दल. आईचा हात थरथरतो. मी म्हटलं, "थेंब मीच घालत जाईन." तुम्ही बाटली माझ्याकडं दिलीच नाहीत. आईला मागं रेलून बसवलंत, तिची मूठ तिच्याच कपाळावर टेकवलीत, दुसऱ्या हाताच्या बोटानं खालची पापणी ओढून खिसा करायला शिकवलंत. पहिला थेंब गालावर, दुसरा कानात, तिसरा लुगड्यावर. ती ओशाळून म्हणाली, "वाया चाललंय ओ." तुम्ही म्हणालात, "सांडू द्या आजी, ही बाटली माझ्याकडची आहे." बाहेर रांग खोळंबली होती, तरी तुमचा आवाज चढला नाही. सातवा थेंब डोळ्यात पडला. आई हसली. अण्णा गेल्यापासून तिला असं हसताना मी बघितलं नव्हतं.

म्हाताऱ्या माणसाला झिडकारलेलं मी बँकेच्या रांगेत, एसटी स्टँडवर रोज बघते. पण अशोक चौकातला एक रिक्षावाला आईला उतरवायला स्वतः खाली उतरतो, आणि तुम्ही आहात. तुमच्यासारख्यांच्या जिवावरच आमच्यासारख्यांचं निभतं.

आता रोज सकाळी आपला सोलापुरी टर्किश टॉवेल गरम पाण्यात पिळून मिटल्या डोळ्यांवर ठेवते. निवला की परत गरम, अशी १० मिनिटं. मग बोटानं पापण्या हलक्या हातानं कडेपर्यंत दाबत आणते. पंख्याचं तोंड भिंतीकडं फिरवलंय. टोचणं पूर्ण गेलं नाही, पण पदर आता खांद्यावर असतो. थेंब दिवसातून सहा-सात वेळा लागतात, म्हणून डॉक्टरांनी प्रिझर्वेटिव्ह, म्हणजे औषध टिकवायचं रसायन, नसलेले लिहून दिलेत. ती बाटली विडीच्या सुपात, पानांशेजारी असते.

परवा शेजारच्या मावशी आपली बाटली घेऊन आल्या. आईनं त्यांची मूठ कपाळावर टेकवली. चार थेंब सांडले. आई म्हणाली, "सांडू दे गं. परत घाल."

तुमची,
आजींची लेक